घोडी थांबते का, हे कुणी विचारत नाही

तुमच्या फोनवरही तो व्हिडिओ आलाच असेल. दत्तजयंतीनंतरचे पंधरा-वीस दिवस आमच्या खानदेशात दुसरं काही येतच नाही. पांढराशुभ्र घोडा, गळ्यात घुंगरमाळ, मागे धुळीचा लोट आणि डीजेचा ठेका. स्वार मागे रेलून दोन्ही हातांनी लगाम खेचतो, घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहतो, आणि बरोबर तिथेच व्हिडिओ स्लो मोशनमध्ये जातो. खाली आगीचे इमोजी. ‘रुबाब’, ‘नाद खुळा’, ‘हा आपला इतिहास’.

पुढच्या वेळी तो व्हिडिओ आला की स्वाराकडे बघू नका. घोड्याचं तोंड बघा. जबडा वासलेला असतो, जीभ एका बाजूला लोंबत असते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. शेपटी वाऱ्यानं उडत नसते, ती आपटत असते. ज्याला आपण रुबाब म्हणतो ते दुखणं असतं. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण असा एक व्हिडिओ मीही काढून घेतला होता.

त्याबद्दल सांगतोच. आधी माझं म्हणणं मांडतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. लगाम खेचून घोडा चालवणाऱ्याला मी घोडेस्वार मानत नाही. तो घोड्यावर बसलेला माणूस. घोड्याशी बोलायची जागा त्याची पाठ आहे आणि बोलायचं ते आपल्या बुडानं, कमरेनं, मांड्यांनी आणि श्वासानं. लगाम लागतो, पण वाक्यात पूर्णविराम लागतो तेवढाच. नुसते पूर्णविराम टाकत कुणी बोलतं का?

मराठीत या बोलण्याला नेमका शब्द आहे: मांड. घोड्यावर मांड टाकणं, मांड बसणं, मांड पक्की असणं. आता हा शब्द फक्त राजकारणाच्या बातम्यांत उरलाय. अमक्यानं तालुक्यावर मांड ठोकली, तमक्याची जिल्हा बँकेवरची मांड ढिली झाली. घोडा गेला, खोगीर गेलं आणि शब्दाचा अर्थ ‘कब्जा’ एवढाच शिल्लक राहिला. मूळचा अर्थ तसा नव्हता असं माझं मत आहे. चालत्या जनावराच्या पाठीवर कब्जा करून बसताच येत नाही. बसलात तर तो तुम्हाला दर पावलाला वर उडवतो. मांड बसते ती त्याच्या चालीत आपली कंबर मिसळली की.

माझे मामा चोपडा तालुक्यात तापीकाठी राहतात. चार एकर कोरडवाहू, कापूस, आणि जोडीला लग्नसराईत भाड्यानं जाणारी एक घोडी. मी जळगावात नोकरी करतो, पण लहानपणची प्रत्येक सुट्टी त्या घोड्यांच्या दावणीपाशी गेलेली. पाच-सहा वर्षांपूर्वी मामांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून एक तरणी, पांढरी घोडी आणली. विकणाऱ्यानं तिचं नाव बिजली सांगितलं होतं. सोबत तिचा लगामही दिला. तोंडात जाणाऱ्या कडीला आतल्या बाजूनं बोथट झालेले काटे होते. मामांनी तो लगाम घरी येताच खुंटीला टांगला आणि साधी कडी घातली. “तो कसाले काढा?” मी विचारलं. मामा काही बोलले नाहीत. त्यांची ती सवयच आहे.

त्या उन्हाळ्यात मामा बाजाराला गेले असताना मी तो खुंटीवरचा लगाम काढला. मित्राला फोन धरायला लावला. बिजली दोन पायांवर उभी राहायला आधीच शिकलेली होती. कुणी शिकवली आणि कशी, ते तिच्या पुढच्या पायांवरच्या वणांवरून कळत होतं. मी तीनदा खेचलं. पहिल्यांदा फ्रेममध्ये तिचं डोकं कापलं गेलं, दुसऱ्यांदा माझा चेहरा वेडावाकडा आला. तिसऱ्यांदा जमलं. व्हिडिओला दुपारपर्यंत चारेक हजार लाइक्स मिळाले होते.

संध्याकाळी ती कुट्टीला तोंड लावेना. मामांनी ओठ वर करून पाहिलं. जिभेवर आडवा काप होता आणि सुळ्यांमागच्या मोकळ्या हिरडीवरचं मांस सोललेलं. वैशाखातल्या तीन तिथींची बोली झालेली होती, तिन्ही गेल्या. मामांनी मला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. मामी तेवढी म्हणाली, “तिला बोलता येत नाही म्हणून.”

घोड्याच्या तोंडात नेमकं काय असतं हे मला त्यानंतर कळलं. पुढचे कुरतडायचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मधोमध जबड्यावर मोकळी जागा असते. कडी तिथे बसते. त्या जागी हाडावर जेमतेम पातळ कातडं असतं. तुमच्या नडगीवर बोट दाबून बघा. आता तिथे लोखंडी सळई आडवी ठेवून साठ-सत्तर किलोंचा माणूस मागे रेलतोय अशी कल्पना करा. काटे तर सोडाच, साध्या कडीनंही हे करता येतं. काटेरी लगामाला आपल्याकडे कायद्यानं मनाई आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि १९६५ सालच्या ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांच्या नियमांत काटे असलेले लगाम, जोखड वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. साठेक वर्षं झाली. खुंटीवर मात्र तो आहेच.

तोंड भरून यायला महिना गेला. मग एके सकाळी मामांनी मला उठवलं. नांगरलेल्या शेतात बिजली उभी होती. लगाम नाही, खोगीर नाही. पाठीवर घडी केलेली गोधडी, तोंडाला दाव्याची मोरकी आणि मोरकीला लांब दोर. मला वर बसवलं आणि म्हणाले, “हात डोक्यावर ठेव. डोळे मीट.” दोराच्या टोकाला स्वतः उभे राहिले आणि घोडीला गोल चालवू लागले. “आता सांग, मागचा कोणता पाय उचलला?”

मी काहीही सांगत होतो. डावा, उजवा, डावा. मामा दर वेळी “नही” म्हणत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं ही शिक्षा आहे. शिक्षा होतीच म्हणा. पण चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी खालून काहीतरी जाणवायला लागलं. डावा मागचा पाय पुढे येतो तेव्हा घोडीचं पोट उजवीकडे झुकतं आणि आपल्या बुडाखालची डावी बाजू किंचित खाली जाते. मग उजवी. पुन्हा डावी. आपण बसतो तिथली दोन हाडं आहेत ना, कठड्यावर फार वेळ बसलं की टोचतात ती, त्या दोन हाडांना घोडीची सगळी चाल कळते. ती लिहूनच पाठवते म्हणा ना. मला वाचता येत नव्हतं, कारण मी कंबर ताठ करून, मांड्या आवळून, पडू नये म्हणून बसलो होतो. कान बंद करून गाणं ऐकायला बसलेल्या माणसासारखा.

बहुतेक लोक इथेच चुकतात, रील करणारे आणि शहरात पैसे भरून शिकणारेही. मांड म्हणजे मांड्यांनी घोड्याला चिमट्यासारखं धरणं असं त्यांना वाटतं. धरलं की तुमचे स्नायू आखडतात, आखडले की तुम्ही उसळता, उसळलात की त्याच्या पाठीवर आदळता, आणि मग तो पळतो किंवा पाठ आत घेतो. मांड म्हणजे आधी ऐकणं. जे ऐकू येतं त्यातच थोडा बदल करणं म्हणजे बोलणं. घोडी चालते तशी तुमची कंबर पुढेमागे हलत असते. ती हलणं तुम्ही थोडं मोठं केलंत की घोडी लांब पाऊल टाकते. तुम्ही श्वास सोडून कंबर जागच्या जागी थांबवलीत की तिच्या पाठीवरचं ओझं अचानक तिच्या चालीत सामील होईनासं होतं, आणि ती थांबते. वळायचं असेल तर जिकडे जायचं तिकडे बघा. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे कंबर, कंबरेबरोबर वजन, आणि बाहेरच्या बाजूची मांडी आपोआप तिच्या बरगड्यांना लागते. तिला तेवढं पुरतं.

खोटं वाटतं? मलाही वाटलं होतं. आठव्या-नवव्या दिवशी मामा म्हणाले, “श्वास सोड, जड हो.” मी सोडला. बिजली चार पायांवर चौकोनी उभी राहिली. मला वाटलं मामांनी दोर ओढला. डोळे उघडून पाहिलं तर दोर ढेकळांत पडलेला आणि मामा बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, “घोडाले समजी ऱ्हायनं. तुलेच समजस नही.”

मामा काही सिद्धपुरुष नाहीत. यात चमत्कार नाही हे कळावं म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्यानं खळबळ उडवली होती. विल्हेल्म फॉन ओस्टेन या त्याच्या मालकानं त्याला गणित शिकवलं होतं म्हणे. बेरीज विचारा, हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. चौकशीला समिती बसली, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंगस्ट नावाच्या अभ्यासकानं बारकाईनं तपासलं आणि १९०७ साली उलगडा केला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सला गणित येत नसे. खूर बरोबर आकड्यापाशी आला की माणसाचं डोकं नकळत एखाद्या केसाएवढं हलायचं, ताण सुटायचा. हान्स तेवढं वाचायचा. लोक हसले, ‘घोड्याला गणित येत नव्हतं तर’ म्हणून. मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला उलटंच वाटलं. एवढ्या विद्वानांच्या अंगात काय चाललंय ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं आणि घोड्याला कळत होतं! जो प्राणी समोर उभ्या माणसाची इतकी बारीक हालचाल टिपतो, त्याच्या पाठीवर तुम्ही बसला आहात. ज्याच्या कातडीवर माशी बसली तर तेवढीच जागा थरथरते, त्याला तुमची भीती, घाई, राग, खिशात वाजलेला फोन हे सगळं पोचत असतं. तुम्ही तरीही टाच मारता आणि तोंड फाडता.

तोंड फाडण्यात आणखी एक गोची आहे, आणि माझ्या मते हाच खरा मुद्दा आहे. लगाम वर खेचला की घोडा डोकं उंचावतो आणि पाठ खाली पोकळ करतो. मणक्याच्या दोन्ही अंगांचे लांब स्नायू, ज्यांच्यावर तुम्ही बसलेले असता, ते आवळून दगड होतात. दगडाला मांड काय कळणार? मग स्वार म्हणतो, “याला बसण्याबिसण्याचं काही कळत नाही, याला लगामच लागतो.” आणि आणखी खेचतो. आणखी खेचलं की पाठ आणखी दगड. दोन-तीन वर्षांत तोंडाची कातडी निबर होते, मग जाड कडी, मग काटेरी. प्रत्येक पायरीवर स्वाराला वाटतं की घोडा हट्टी आहे. साडेतीनशे-चारशे किलोंच्या प्राण्याशी रस्सीखेच खेळायला आपण कधी सुरुवात केली ते त्याला आठवतही नाही.

आता ‘हा आपला इतिहास’वाल्यांकडे येतो. इतिहासच काढायचा तर काढू. १७२७-२८ च्या मोहिमेत पहिला बाजीराव बुऱ्हाणपूरची हूल देत आमच्या खानदेशातूनच गुजरातेत उतरला आणि फिरून २८ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडला त्यानं निजामाला कोंडलं. (आमच्या रावेरला बाजीरावाची समाधी आहे असं सांगणारे महाभाग मला दरवर्षी भेटतात. ती रावेरखेडीला, नर्मदेकाठी, मध्य प्रदेशात आहे.) या बाजीरावाची एक गोष्ट ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. निजामानं चितारी पाठवला, बाजीराव जसा दिसेल तसा काढून आण म्हणून. चितारी जे काढून घेऊन आला त्यात बाजीराव घोड्यावर आहे, भाला खांद्यावर टेकवलेला, आणि दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसं चोळून दाणे खात चाललाय.

दंतकथा म्हणा हवं तर. ही गोष्ट आपल्याला शाळेत साधेपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मी म्हणतो, हातांकडे बघा. दोन्ही हात कणसात. मग घोडा कोण चालवतंय? आणि भालाफेकीच्या वेळी, तलवारीच्या वेळी? उजव्या हातात हत्यार, डाव्या हातात ढाल आणि त्याच हातात सैल लगाम, समोरून येणारा शत्रू आणि घोड्याला एका झटक्यात डावीकडे काढायचं. हे दोन्ही हातांनी तोंड खेचून होतं? शिलेदार असो की बारगीर, ज्याची मांड बोलत नव्हती तो पहिल्याच गर्दीत मेला असणार. त्या फौजा सगळ्या घोड्यांशी प्रेमानं वागत होत्या असं मी म्हणत नाही. पानिपतावर माणसांबरोबर घोडीही उपाशी मेली, आणि कडक लगाम तेव्हाही होते. पण जी कला म्हणून तुम्ही मिरवता ती कला हातात नव्हती, एवढं तरी मान्य करा. कपाळावर चंद्रकोर लावून, पांढऱ्या घोडीला तोंड फाडून उभं करायचं आणि खाली इतिहास लिहायचा, हा इतिहास इन्स्टाग्रामइतकाच जुना आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक मला जास्त चिडवतात, खरं सांगायचं तर. बिजलीनंतर मला नाद लागला म्हणून मी एका मोठ्या शहरातल्या रायडिंग क्लासला काही महिने शनिवार-रविवार गेलो. बूट, हेल्मेट, फी. हेल्मेट चांगलंच, ते सगळ्यांनी घालावं, आमच्या यात्रेतही. पण शिकवणं काय? “पाठ सरळ, टाच खाली, किक हिम!” दिवसाला वीसजण त्या घोड्यांच्या बरगड्यांवर टाचा बडवून जायचे. घोडे इतके बहिरे झालेले की त्यांना चालवायला चाबूक आणि थांबवायला भिंत लागायची. मागचा कोणता पाय उचलला हे मला तिथे कुणी विचारलं नाही. मी एकदा मामांची गोष्ट सांगितली तर प्रशिक्षक हसून म्हणाले की हे सगळं ‘सायंटिफिक’ पद्धतीनं युरोपात विकसित झालंय, गावाकडे फक्त वरातीचे घोडे असतात.

युरोपात ते विकसित झालंय, खरंच. अथेन्सच्या झेनोफननं सुमारे तेवीस-चोवीस शतकांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्या काळी ग्रीकांकडे रिकीबही नव्हती आणि आजच्यासारखं खोगीरही नव्हतं. जबरदस्तीनं करवून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसतं हे त्यानं तेव्हाच सांगून ठेवलंय. ड्रेसाज म्हणतात तो खेळ म्हणजे हीच भाषा परीक्षकांपुढे बोलून दाखवणं: बघणाऱ्याला स्वार काहीच करत नाहीसा वाटला पाहिजे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी त्यात भारताला सांघिक सुवर्ण मिळवून दिलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी आलं. सुदिप्ती इंदूरची, म्हणजे आमच्या शेजारची. त्या दिवसाचा व्हिडिओ शोधून बघा आणि या मुलांची कंबर बघा. मग यात्रेतला व्हिडिओ बघा.

पण तिथलंही सगळं दुधानं धुतलेलं नाही. पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर, २०२४ च्या जुलैत, ब्रिटनच्या ऑलिम्पिकविजेत्या शार्लट दुजार्दिन यांना माघार घ्यावी लागली. शिकवणीच्या वेळी घोड्याच्या पायांवर चाबूक मारत असल्याचा जुना व्हिडिओ बाहेर आला होता. तेव्हा ही भाषा युरोपची आणि क्रौर्य गावाकडचं, असली वाटणी मला कुणी शिकवू नये. बांधावर तंबाखू मळणाऱ्या माझ्या मामांना ड्रेसाज हा शब्द ठाऊक नाही. त्यांना ही भाषा त्यांच्या वडिलांनी, बैल आणि तट्टू दोन्ही बाळगणाऱ्या माणसानं शिकवली. तिला पुस्तक नाही, फी नाही, इंग्रजी नाही, म्हणून ती मोजली जात नाही. आणि मामांसारखी माणसं गेली की ती जाईल, कारण पुढची पिढी, म्हणजे मी, काटेरी लगाम खुंटीवरून काढत होतो.

मित्र विचारतात, घोडा उधळला तर काय करशील? श्वास सोडत बसशील? नाही. लगाम असतोच, मी तो काढून फेका म्हणत नाही. पण उधळलेला घोडा भीतीनं पळत असतो. दोन्ही हातांनी मागे खेचलंत तर त्याला पळून जायला आणखी एक कारण मिळतं, शिवाय तुमच्याच ओढीवर तो रेलतो. एक बाजू घेऊन हळूहळू मोठ्या वर्तुळात वळवला तर तो थांबतो. आणि त्या क्षणीही तुम्ही वर आखडलेले असाल तर तो थांबायचं लांबवत राहील. बिजली एकदा फटाक्यांच्या माळेला बिचकून माझ्यासकट ज्वारीत घुसली होती. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण तिचं तोंड दुसऱ्या दिवशी साफ होतं. एवढं मला पुरे आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. घोडे पाळणारे म्हणतात, लोकांना जे बघायचंय ते आम्ही दाखवतो. वरातीत घोडी नाचली नाही तर पैसे कापतात. उभी राहिली नाही तर पुढच्या वेळी दुसऱ्याची घोडी बोलावतात. हे खरं आहे. म्हणून मी फोन हातात असलेल्या तुमच्याशी बोलतोय. घोडेवाल्याच्या हातातला लगाम तुमच्या लाइकला बांधलेला आहे.

मागच्या डिसेंबरात मामांनी बिजलीला विकायला काढलं. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं आणि मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. टेम्पोत घालून आम्ही तिला सारंगखेड्याला नेली. सारंगखेडं आता नंदुरबार जिल्ह्यात येतं, १९९८ पर्यंत धुळ्यातच होतं. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेपासून पुढे घोड्यांचा बाजार. अलीकडे त्याला चेतक फेस्टिव्हल म्हणतात. राजस्थानातून, गुजरातेतून, पंजाबातून घोडे येतात, वर्तमानपत्रं कोटीच्या घोड्याची बातमी करतात. मला ही यात्रा आवडते, ते लपवत नाही. पहाटे थंडीत दावणीला उभ्या घोड्यांच्या नाकातून वाफा निघत असतात, घोडे राखणारी पोरं त्यांना नदीवर नेतात. रेवाल चालीचे घोडे धावतात तेव्हा एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबरीनं पडतात आणि जाणता स्वार वर इतका स्थिर बसलेला असतो की त्याच्या हातात चहा दिला तर सांडणार नाही. अशा एक-दोन म्हाताऱ्यांपुढे मी तासभर उभा राहतो. ते हात पुढे, सैल ठेवतात. बाजूलाच त्यांच्या नातवांचे घोडे आभाळाकडे तोंड करून धावत असतात.

तीन दिवसांत बिजलीला पंधरा-वीस गिऱ्हाइकं आली. उंची विचारली, वय विचारलं, दात पाहिले, भोवरे पाहिले. “नाचते का?” थोडी. “दोन पायांवर होते का?” आधी व्हायची, आता नाही करत. “कसं काय? मोडली का?” मामांनी एकाला सांगितलं की बसून तर बघा, लगाम सैल सोडा आणि फक्त श्वास सोडा, थांबते. तो मामांकडे आणि मग माझ्याकडे बघून हसला. थांबते तर सगळीच, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी विशीतला एक मुलगा आला. चांगला होता, घोड्याला हात लावण्याआधी हुंगू दिला. मोरकीवरच बसला. चार पावलं गेला, बिजली त्याच्या बसण्यानं थोडी डावीकडे कलली तशी तो दचकला, “ही स्वतःच वळते की काय?” मी म्हटलं, तू डावीकडे बघितलंस. त्यानं मुद्दाम उजवीकडे बघितलं. ती उजवीकडे गेली. तो पाचेक मिनिटं नुसता इकडेतिकडे बघत गोल फिरत राहिला, तोंडावर लहान पोरासारखं हसू. उतरल्यावर त्यानं किंमत विचारली. मामांनी दीड लाख सांगितले. त्यानं वडिलांना फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला. परत आला आणि म्हणाला, “आबा म्हणतात, वरातीत उभी राहत असली तर घे. नाहीतर ऐंशीच्या वर नको.”

मामा काही बोलले नाहीत. मुलगा थोडा वेळ तिच्या मानेवर हात फिरवत उभा राहिला आणि गेला. अंधार पडल्यावर आम्ही तिला परत टेम्पोत चढवली. फळीवर पाय ठेवायला ती जरा अडली, तेव्हा मामांनी दोर सैल सोडला आणि नुसते तिच्या शेजारी उभे राहिले.